मॅडमचं इंग्रजी आणि माझे मोजे

माझ्यावर सगळ्यांत जास्त उपकार ज्यांचे आहेत, त्या एक रशियन बाई होत्या. भिलाईचा कारखाना उभा राहत असताना त्या तिथे दुभाषी म्हणून आल्या होत्या. त्यांनी मला इंग्रजी शिकवलं. त्यांना इंग्रजी उत्तम येतं अशी माझी खात्री होती, आणि बरेच दिवस त्यांचीही होती.

हे वाचून कोणी हसलं तर माझी हरकत नाही, मीही हसतो. पण हसता हसता हेही सांगतो की भिलाईत माझे पाय टिकले ते त्यांच्यामुळे. नाहीतर पहिल्याच पावसाळ्यानंतर मी गाठोडं बांधून गावी परत गेलो असतो.

आमचं गाव वैनगंगेच्या काठचं. घरी धानाची शेती. घरात माझ्याआधी कोणी कॉलेजचं तोंड पाहिलेलं नव्हतं. मी शिकावं म्हणून माझ्या पाठच्या भावानं शाळा सोडली आणि नांगर धरला. त्यानं ते कधी बोलून दाखवलं नाही, म्हणून तर मला ते कधी विसरता आलं नाही. मी नागपूरला बी. ए. झालो तेव्हा बाबांनी गावभर सांगितलं, "आमचा पोरगा आता सपनसुद्धा इंग्रजीत पाहते." खरं म्हणजे मला स्वप्नात फक्त व्याकरण दिसायचं. ‘गोपाळने आंबा खाल्ला’ याचं कर्मणी रूप मी झोपेतून उठवलं तरी इंग्रजीत सांगितलं असतं. पण ‘आंबा घेता का?’ असं कोणाला विचारायची वेळ आली असती, तर माझं वाक्य तयार होईपर्यंत आंबा सडला असता.

अशा तयारीनं मी भिलाईला आलो. तेव्हा पहिली भट्टी पेटायची होती. जिकडे पाहावं तिकडे लाल मुरूम, खड्डे, लोखंडी सांगाडे आणि ट्रकची धूळ. रशियन तज्ज्ञ आणि आपले अधिकारी यांच्यात जो पत्रव्यवहार चालायचा, त्याच्या ऑफिसात मला सहायकाची जागा मिळाली. जागा कच्ची होती. पावसाळा संपल्यावर मुलाखत होणार, तीत पास झालो तर पक्का, नाही तर घरी. घरी भावाच्या हातात नांगर होताच. मी परत गेलो असतो तर माझ्या हातात काय असतं, हा विचार मी शक्यतो करत नसे.

आमचे साहेब विलायतेहून शिकून आलेले. पाईप ओढत आणि अर्धे शब्द त्या पाईपमध्येच ठेवत. एके दिवशी माझं एक पत्र त्यांनी परत टाकलं आणि म्हणाले, "यंग मॅन, पुल युअर सॉक्स अप!"

मी खाली पाहिलं. माझ्या पायांत चपला होत्या. ओढायला मोजे असते तर मी तिथल्या तिथे ओढले असते. मी म्हणालो, "यस सर, टुमॉरो सर."

त्या संध्याकाळी पॉवर हाउस नावाच्या वस्तीतल्या बाजारात जाऊन मी मोजे घेतले. बूट घ्यायचे राहिले, कारण साहेब बुटांबद्दल काही बोलले नव्हते. दुसऱ्या दिवशी सकाळी मोज्यांवर चपला चढवून निघालो, तेव्हा माझा खोलीवाला, म्हणजे माझ्या खोलीतला जोडीदार, दारातच उभा होता. तो गोंदियाकडचा, कारखान्यात वेल्डर. माझ्या इंग्रजीचा पहिला आणि सर्वांत निर्दय परीक्षक.

"काऊन बे, पायाले लागलं का?"

"साहेबांनी मोजे वर ओढायला सांगितले आहेत."

"अन् ते अंगठ्यापाशी काऊन फाडून राहिला?"

"त्याशिवाय चपलेचा अंगठा कसा घालणार?"

तो खाटेवर बसला आणि पोट धरून हसला. "साहेब तुले काम नीट कर म्हणून राहिला असंन. तू पायाले कपडे घालून राहिला!"

वेल्डरला कसं कळलं आणि बी. ए.ला कसं नाही, ते मला आजही सांगता येत नाही. तो म्हणाला की कोणीही साहेब ओरडला की त्याचा अर्थ तेवढाच असतो, भाषा कोणतीही असो. साहेबांनी मात्र माझ्या पायांकडे पाहिलं, पाईप तोंडातून काढला आणि पुन्हा तोंडात घातला. मला वाटलं, खूश झाले.

दुपारपर्यंत सगळ्या ऑफिसला कळलं होतं. तेव्हा मी ठरवलं की व्याकरण पुरे, आता इंग्रजांच्या रोजच्या बोलण्यातले वाक्प्रचार शिकायचे. आणि ते पुस्तकातून नाही, अस्सल गोऱ्या माणसाकडून. आता भिलाईत गोरी माणसं म्हणजे रशियन. पण आमच्या गावच्या शाळेनं जगाची वाटणी सोपी करून ठेवली होती: काळ्या माणसाला इंग्रजी शिकावी लागते, गोऱ्या माणसाला ती येते. रशिया आणि इंग्लंड यांत फरक आहे हे मला भूगोलात माहीत होतं. भाषेत तो फरक लावायचं मात्र सुचलं नाही.

मॅडम चाळिशीच्या असाव्यात. ठेंगण्या, गोल चेहऱ्याच्या, उन्हानं नाक कायम लाल झालेलं. बैठकीत त्यांचे मुख्य तज्ज्ञ रशियनमध्ये बोलत, मॅडम ते इंग्रजीत सांगत, आणि मी त्यांच्या शेजारी बसून टिपण लिहीत असे. त्या हळू आणि स्पष्ट बोलत. साहेबांसारखा पाईप नव्हता. त्यांचं प्रत्येक वाक्य मला कळायचं, आणि जे मला कळतं तेच चांगलं इंग्रजी, असा माझा निष्कर्ष निघाला.

मी धीर करून विचारलं, "मॅडम, मला ईडियम शिकवाल का?"

त्यांना इतका आनंद झाला की मीच गडबडलो. त्या म्हणाल्या, "तुम्ही पहिले माणूस, ज्याने मला भाषा विचारली. बाकी सगळे सिमेंट विचारतात."

तेव्हापासून माझं शिक्षण सुरू झालं. कोणी छोट्या गोष्टीचा बाऊ केला की म्हणायचं, माशीचा हत्ती करू नका. एखादं काम कधीच होणार नसेल तर म्हणायचं, डोंगरावर खेकडा शिट्टी वाजवेल तेव्हा होईल. चारचौघांत फजिती झाली तर म्हणायचं, मी गलोशमध्ये बसलो. गलोश म्हणजे चिखलात बुटावरून घालायचा रबरी बूट, असं शब्दकोशात निघालं. साहेबांचे मोजे, मॅडमचा गलोश. मला वाटलं, इंग्रजी भाषा बहुधा पायांतूनच चालते.

ही वाक्यं मी कागदाच्या पट्ट्यांवर लिहून खळीनं भिंतीला चिकटवत असे आणि दाढी करताना मोठ्यानं म्हणत असे. खोलीवाला पांघरुणातून ओरडायचा, "अबे, तुझा तो खेकडा झोपू दे ना मले!"

सर्वांत अवघड गेलं ते पॅनकेकचं. मॅडम म्हणाल्या, "फर्स्ट पॅनकेक इज ऑलवेज लम्प." पहिला पॅनकेक नेहमी गोळाच होतो. पण पॅनकेक म्हणजे काय? मी त्यांना विचारलं, त्यांनी हातानं तवा केला, पळीनं काही ओतलं, उलटलं, आणि हताश चेहरा केला. त्याच हालचाली मी मेसच्या स्वयंपाक्यापुढे करून दाखवल्या. तो कुरुदचा, रोज पहाटे सायकलवर यायचा. एका नजरेत म्हणाला, "चीला आय, बाबू. पहिली चीला त चिपकबे करथे." पहिला चीला तव्याला चिकटतोच. आणि मला एकदम आई आठवली. पहिलं धिरडं मोडलं की ती ते बाजूला सारून म्हणायची, "पहिलं तव्याचं, दुसरं घरच्यांचं." मी सुखावलो. इंग्रजांच्या बायकांचंही पहिलं धिरडं मोडतं तर! त्या जातीबद्दल मला पहिल्यांदाच थोडी आपुलकी वाटली.

परतफेड म्हणून मीही मॅडमना आपल्या म्हणी इंग्रजीत करून देत असे. चुनखडीच्या खाणी पाहायला आम्ही एकदा जीपनं अहिवाऱ्याकडे चाललो होतो. कंत्राटदाराचा विषय निघाला. काम होत नव्हतं आणि तो रोज जमिनीला दोष देत होता. मी म्हणालो, "मॅडम, आमच्यात म्हणतात, नाचता येईना तर अंगण वाकडं." अंगण म्हणजे काय ते समजावलं. मॅडमचं लाल नाक आणखी लाल झालं. त्या रुमालात तोंड धरून हसू लागल्या.

"आमच्याकडेपण हीच म्हण आहे. पण आमच्या नाचणाऱ्याला अडचण अंगणाची नसते."

"मग कशाची?"

"ते इंग्रजीत नाही," असं म्हणून त्या खिडकीबाहेर पाहू लागल्या.

पुढे खोलीवाल्यानं ती म्हण एका रशियन वेल्डरकडून पूर्ण ऐकून आणली. ती इथे लिहिण्यासारखी नाही. नाचणाऱ्याला अडचण होते ती त्याच्या स्वतःच्याच देहाची, इतकं सांगून थांबतो. पण ‘ते इंग्रजीत नाही’ या शब्दांवर मी त्या दिवशी जीपमध्ये जरा थांबायला हवं होतं. थांबलो असतो तर पुढचं सगळं टळलं असतं. मी थांबलो नाही. मी मनात म्हणालो, इंग्रज लोक सभ्य असतात.

पावसाळा संपला आणि मुलाखतीचा दिवस आला. साहेबांच्या खोलीबाहेर मी उभा होतो. या वेळी बूटही होते, खोलीवाल्याचे, मापाला मोठे. भिंतीवरच्या सगळ्या पट्ट्या मी पाठ केल्या होत्या. मॅडम आल्या. मुलाखतीला त्यांचे मुख्य तज्ज्ञही बसणार होते, म्हणून दुभाषी हवी होती. त्या माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाल्या, "नो डाउन, नो फेदर."

डाउन म्हणजे खाली, फेदर म्हणजे पीस. खाली नाही, पीस नाही. मला वाटलं, खाली पडू नका आणि पिसासारखे उडू नका, असा उपदेश असावा. मी हात जोडले. "थँक यू, मॅडम."

त्यांचा चेहरा उतरला. "नाही, नाही! थँक यू नाही! परीक्षेआधी मी हे म्हणते, तेव्हा तुम्ही म्हणायचं, गो टू द डेव्हिल! लवकर म्हणा."

मी त्यांच्याकडे पाहतच राहिलो. वयानं मोठी बाई, त्यातून माझी गुरू. तिला सैतानाकडे जा म्हणायचं, म्हणजे आमच्या भाषेत मसणात जा! आमच्या गावात एवढ्यावरून दोन घरांचं पाणी तुटतं.

"मॅडम, हे मी कसं म्हणू?"

"म्हणा! थँक यूने सगळं उलटं होतं. म्हणा!"

"गो..." एवढंच माझ्या तोंडून निघालं. तेवढ्यात दार उघडलं आणि शिपायानं माझं नाव पुकारलं.

आत साहेब, एक वयस्क अधिकारी आणि मुख्य तज्ज्ञ बसले होते. मॅडम तज्ज्ञांच्या बाजूला बसल्या. सुरुवात बरी झाली. मग साहेबांनी माझं सुरुवातीचं एक टिपण काढलं. त्यात दोन कंत्राटदारांची कामं मी एकमेकांच्या नावावर लिहिली होती. साहेब म्हणाले, "याबद्दल काय म्हणायचं आहे?"

याच क्षणासाठी मी दाढी करता करता तयारी केली होती. मी सरसावून म्हणालो, "सर, फर्स्ट पॅनकेक इज ऑलवेज लम्प."

साहेबांनी पाईप काढला.

"कुठला पॅनकेक?"

"सर, कुठलाही पॅनकेक."

"हे काय आहे?"

"सर, इंग्लिश ईडियम."

"मी इंग्लंडात बरीच वर्षं राहिलो आहे," साहेब प्रत्येक शब्द सुटा करत म्हणाले. "तिथे भरपूर पॅनकेक खाल्ले. एकही गोळा नव्हता."

यावर गप्प बसणं शहाणपणाचं होतं. पण मला प्रामाणिकपणे एक शंका आली आणि ती मी बोलून दाखवली. "सर, तुम्हाला पहिला दिला नसेल."

वयस्क अधिकाऱ्यांना ठसका लागला. मुख्य तज्ज्ञांनी मॅडमना विचारलं, काय झालं? मॅडमनी रशियनमध्ये दोनच शब्द सांगितले. तज्ज्ञांनी टेबलावर असा हात मारला की दौत हलली. ते हसले, माझ्याकडे बोट दाखवून बरंच काही बोलले. बोलता बोलता हातांनी तवा, पळी, सगळं केलं. मॅडमनी या सगळ्याचं इंग्रजी केलं, "चीफ म्हणतात, बरोबर आहे."

साहेब हसले नाहीत. त्यांनी दुसरा कागद काढला. "आणि हे? ‘कंत्राटदाराचं काम डोंगरावर खेकडा शिट्टी वाजवेल तेव्हा पूर्ण होईल.’ हे सरकारी टिपणात आहे! हेही इंग्लिश ईडियम?"

मी मॅडमकडे पाहिलं. हा खेकडा त्यांचाच होता, मी फक्त उतरवून घेतला होता. पण त्यांचं तोंड पाहून माझ्या जिभेवरचं ‘यस सर’ तिथेच विरलं. त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग गेला होता. त्यांना त्या क्षणी कळलं होतं. आणि त्यांना कळलेलं पाहून मलाही कळलं. इतके महिने मी मन लावून इंग्रजी शब्दांत रशियन शिकत होतो.

"माझी चूक, सर," मी म्हणालो.

"तुम्ही जाऊ शकता," साहेब म्हणाले.

बाहेरच्या बाकावर मी बसलो. खोलीवाल्याच्या बुटांत माझे पाय सैल हलत होते. भावाला काय लिहायचं ते मनात जुळवत होतो. थोड्या वेळानं मॅडम बाहेर आल्या आणि शेजारी बसल्या.

"आमच्या गावात कोणी इंग्रज माणूस पाहिला नाही," त्या म्हणाल्या. "मी पुस्तकातून शिकले. माझ्या बाई पण पुस्तकातून शिकल्या. पुस्तकात म्हणी थोड्या होत्या. मला वाटलं, भाकरी सगळीकडे भाकरी, म्हण सगळीकडे म्हण. मी तुम्हाला गलोशमध्ये बसवलं."

खरं सांगतो, मला राग आला होता. पण त्यांनी ‘गलोश’ म्हटल्यावर तो टिकेना. मी म्हणालो, "मॅडम, धिरड्याची म्हण माझी आईपण म्हणते. मग ती इंग्रज नाही म्हणून खोटी कशी?"

त्यांनी नाक पुसलं. "इंग्रज लोक काय म्हणतात मग? पहिलं बिघडतं तेव्हा?"

मला माहीत नव्हतं. त्यांनाही नव्हतं. भिंतीपलीकडे बसलेल्या साहेबांना माहीत होतं, पण त्यांना विचारायला आत जायची दोघांचीही छाती नव्हती.

"चीफ एवढं लांब काय बोलले?" मी विचारलं.

"त्यांच्या आजीच्या पॅनकेकबद्दल." मग त्या एकदम कळवळून म्हणाल्या, "तुम्ही थँक यू का म्हणालात? मी सांगितलं होतं ना!"

मी बी. ए. झालेला माणूस, त्या परदेशातून आलेल्या दुभाषी, आणि आम्ही दोघं त्या बाकावर बसून अपशकुनाची चर्चा करत होतो. पीस नाही म्हणणं ही त्यांच्याकडची परीक्षेची शुभेच्छा, आणि तिला सैतानाऐवजी आभारानं उत्तर दिलं की ती उलटते. पण त्यांच्यासाठी ती थट्टा नव्हती. माझं जे व्हायचं ते आपल्यामुळे होणार, हे त्यांनी मनाला लावून घेतलं होतं.

निकाल लांबला. मॅडमची इथली मुदत त्याआधी संपली. दुर्गच्या स्टेशनवर त्यांना पोचवायला आम्ही दोघं गेलो, मी आणि खोलीवाला. त्यानं आदल्या दिवशीच मला बजावलं होतं, "आता तरी बाईले ते मसनात जा म्हणून टाक. तिचा जीव लागून हाये त्याच्यात."

"तूच म्हण ना."

"मी काऊन म्हणू? परीक्षा तुझी का माझी?"

गाडी आली. मॅडम डब्याच्या दारात उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "निकाल वाईट लागला तरी लिहा. खोटं चांगलं लिहू नका." मी मान हलवली. तोंड उघडलं. प्लॅटफॉर्मवर माणसं होती, त्यांचे वरिष्ठ होते, हार घेऊन आलेले अधिकारी होते. खोलीवाल्यानं मागून कोपर मारलं. मी म्हणालो, "हॅपी जर्नी, मॅडम."

गाडी सुटल्यावर तो म्हणाला, "तुझ्यानं काही होत नाही, मास्तर."

महिन्याभरानं मी मॅडमना जे पत्र पाठवलं, ते असं. मूळ इंग्रजीत होतं, म्हणजे आम्ही दोघं ज्याला इंग्रजी म्हणायचो त्यात. साहेबांना दाखवून दुरुस्त करून घ्यावं असं एकदा मनात आलं होतं, पण घेतलं नाही.

*

आदरणीय मॅडम,

तुम्ही खोटं लिहू नका म्हणाला होतात, म्हणून घडलं तसं लिहितो.

तुमच्या जागी एक तरुण दुभाषी आले आहेत. त्यांचं इंग्रजी फार शुद्ध आहे. त्यांच्या बोलण्यात एकही प्राणी नसतो. गेल्या आठवड्यात नव्या पायाच्या पहिल्या काँक्रीटला तडे गेले. मोठी बैठक बसली. चीफ फार रागावले होते, आवाज बाहेरच्या रस्त्यावर जात होता. आमच्या साहेबांनी त्यांना शांत करण्यासाठी म्हटलं, "टीदिंग ट्रबल्स." मॅडम, आपण त्या दिवशी बाकावर शोधत होतो तो ईडियम हाच आहे. इंग्रज लोक पॅनकेक म्हणत नाहीत, बाळाला दात येतानाचा त्रास म्हणतात. तुमच्या माहितीसाठी लिहून ठेवतो.

पण नव्या दुभाष्यांना तो माहीत नव्हता. त्यांनी चीफना सांगितलं की साहेबांचे दात दुखत आहेत. चीफ ओरडायचे थांबले. त्यांनी अत्यंत काळजीनं साहेबांकडे पाहिलं आणि तुमच्या दवाखान्यातल्या दंतवैद्याला बोलावणं धाडायला सांगितलं. साहेब म्हणाले, माझे दात ठीक आहेत. दुभाषी म्हणाले, ते म्हणतात दात ठीक आहेत. चीफ म्हणाले, मग दात दुखतात असं का सांगितलं, काँक्रीटचं का बोलत नाही? आणि ते आधीपेक्षा जास्त रागावले.

मी कोपऱ्यात टिपण लिहीत होतो. माझ्या नोकरीचं जे व्हायचं ते झालंच आहे, असं समजून मी उठलो आणि म्हणालो, "चीफ, फर्स्ट पॅनकेक, लम्प." दुभाष्यांनी ते सांगायच्या आतच चीफना कळलं. त्यांनी टेबलावर हात मारला. दौत या वेळी खाली पडली. मग ते म्हणाले, ठीक आहे, दुसरा पॅनकेक कधी टाकणार ते सांगा. त्यानंतर बैठक नीट झाली.

काल साहेबांनी मला बोलावलं. पाईप टेबलावर होता, म्हणून सगळे शब्द ऐकू आले. ते म्हणाले, "तुमचं इंग्रजी इंग्लंडात चालणार नाही. पण तुम्हाला इंग्लंडात कोणी पाठवत नाही." मग म्हणाले, "तुम्ही पक्के झालात. खेकडा टिपणात लिहायचा नाही, बोलण्यात चालेल."

मॅडम, मी पक्का झालो. भावाला लिहिलं, त्याचं उत्तर आलं. धान कापायला ये, एवढंच त्यात आहे. तो कधी जास्त लिहीत नाही. माझ्या आईला मी तुमच्याबद्दल सांगितलं आहे. ती विचारते, त्या बाईंच्या देशात धिरड्याला पीठ कशाचं घेतात? कृपया कळवा.

माझा खोलीवाला तुम्हाला नमस्कार सांगतो. त्याला तुमच्या नाचणाऱ्याची म्हण पूर्ण कळली आहे. त्याबद्दल मी क्षमा मागतो.

आता शेवटचं. मुलाखतीच्या दिवशी तुम्ही मला जे म्हणालात, त्याचं उत्तर मी दिलं नाही. स्टेशनवरही दिलं नाही. आमच्याकडे गुरूला असं बोलत नाहीत, म्हणून माझी जीभ उचलली नाही. पण त्या थँक यूमुळे काही बिघडलं असं तुम्ही अजून मानत असाल, तर ते मनातून काढून टाका. काही बिघडलं नाही. तरीही तुमचं उत्तर तुम्हाला मिळालं पाहिजे. खोलीचं दार लावून, खुर्चीवरून उठून, दोन्ही हात जोडून, मगच हे लिहीत आहे.

गो टू द डेव्हिल, मॅडम.

आपला अत्यंत आज्ञाधारक विद्यार्थी